मोठें देऊळ कोणाच्या पैशानें उभें राहतें?

[एका खेड्यांतील सभेंत झालेलें व्याख्यान]



सभेच्या चालकांनीं मला 'जगांतील सर्वांत मोठीं ख्रिस्ती देवळें' हा विषय दिला आहे. नांगर, पाणी, सोसायटीचें कर्ज हें सोडून रोमच्या देवळाशीं आपलें काय काम, असें कांहीं मंडळींस वाटत असेल. काम आहे. त्या देवळासाठीं ज्यांच्या गांठीचें नाणें सुटलें ते तुमच्यासारखेच शेतकरी, कोष्टी, सुतार, चांभार होते. आणि ज्यांनीं दगड वर चढविले तेही हातावर पोट असलेलेच लोक होते. त्यांची हकिकत ऐका, आणि काम आहे कीं नाहीं तें तुमचें तुम्हीं ठरवा.

आधीं माप सांगून टाकतों, म्हणजे तो विषय संपला. रोम शहरांत व्हॅटिकन म्हणून पोपचें स्वतंत्र ठाणें आहे. तेथें सेंट पीटरचें देऊळ आहे. त्याची आंतली लांबी सुमारें ६१० फूट आणि घुमटावरील क्रूसाच्या टोंकापर्यंत उंची ४४८ फूट. जुन्या गोव्यांतलें से कॅथेड्रल तुमच्यापैकीं कोणीं पाहिलें असेल. तें सुमारें २५० फूट लांब आहे आणि पाहणारा तोंड वर करूनच पाहतो. तसलीं दोन एकापुढें एक ठेवलीं तरी सेंट पीटरच्या पोटांत मावून वर शंभर फूट जागा उरेल. या देवळाच्या फरशींत पितळी खुणा बसविल्या आहेत. लंडनचें मोठें देऊळ येथवर पोंचतें, अमक्या शहराचें येथवर, असें त्यांवर कोरलें आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आपली उंची सांगणारीं माणसें असतात, तशांतलाच हा प्रकार.

पण गांवांत साधी चावडी बांधली तरी आपण फूट मोजून थांबत नाहीं. वर्गणी कोणीं दिली, मधल्यामधें कोणीं खाल्ली, राबलें कोण, आणि दगडावर नांव कोणाचें कोरलें, हें विचारतोंच कीं नाहीं? येथेंही तेंच विचारूं.

पीटर हा कोळी होता. गालीलच्या सरोवरांत जाळें टाकून पोट भरणारा. तो येशूचा शिष्य झाला, आणि परंपरा अशी सांगते कीं नीरो बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. ६४ च्या सुमारास, त्याला रोममध्यें क्रूसावर देऊन तेथल्या टेंकडीवर पुरलें. चौथ्या शतकांत कॉन्स्टंटाइन बादशहानें त्या थडग्यावर देऊळ बांधलें. तें हजार वर्षांवर टिकलें. पुढें भिंती कलल्या. तेव्हां १८ एप्रिल १५०६ रोजीं दुसरा ज्यूलियस या पोपनें नव्या देवळाचा पहिला दगड बसविला. ब्रामांते हा त्याचा मुख्य वास्तुकार. त्यानें जुनें देऊळ इतक्या झपाट्यानें पाडावयास घेतलें कीं रोमचे लोक त्याला 'उस्ताद विध्वंसक' म्हणूं लागले. नवें देऊळ पवित्र करण्याचा विधि झाला तो १८ नोव्हेंबर १६२६ रोजीं. एकशेंवीस वर्षें लागलीं.

एवढ्या कामाला पैसा पाण्यासारखा लागणार. पोपची तिजोरी कांहीं रिकामी नव्हती. पण लढाया, चित्रें, मेजवान्या यांतून उरेल तेव्हां ना! ज्यूलियस १५१३ सालीं वारला आणि दहावा लिओ गादीवर आला. हा फ्लॉरेन्सच्या मेदिची नांवाच्या सावकारी घराण्यांतला. पैसा उभा करण्याचें जें साधन त्यानें हातीं घेतलें तें जुनेंच होतें. पूल, देवळें, दवाखाने यांसाठीं तें पूर्वींही वापरीत. पण या वेळीं तें अशा रीतीनें वापरलें गेलें कीं पश्चिमेकडील ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे झाले.

तें साधन म्हणजे दंडमाफीची चिठ्ठी. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण कोणाच्या धर्माची टवाळी करावयास मी उभा राहिलों नाहीं. रोमच्या धर्मशास्त्राप्रमाणें मनुष्यानें खऱ्या पश्चात्तापानें पाप कबूल केलें म्हणजे देव क्षमा करितो. परंतु त्या पापाबद्दल भोगावयाची शिक्षा शिल्लक राहते. ती येथें प्रायश्चित्तानें फिटली नाहीं तर मेल्यावर शुद्धीच्या आगींत भोगावी लागते. संतांनीं जमविलेल्या पुण्याच्या सांठ्यांतून ही शिक्षा माफ करण्याचा अधिकार पोपला आहे, अशी त्यांची श्रद्धा. कांहीं सत्कृत्य केलें किंवा देवकार्यास दान दिलें म्हणजे माफीचा लेखी कागद मिळे. शास्त्रांत पश्चात्तापाची अट पक्की होती. पण विकावयास बसलेला माणूस अट कशाला मोठ्यानें सांगतो! शिवाय मेलेल्या आईबापांच्या नांवानेंही चिठ्ठी घेतां येई. बाप आगींत तडफडतो आहे आणि तुझ्या एका नाण्यानें तो सुटेल, असें कोणी गंभीरपणें सांगूं लागला तर कोणता शेतकरी गांठ सोडणार नाहीं? पिंडाला कावळा शिवेना म्हणजे आपल्याकडे काय धांवपळ उडते, तें मीं तुम्हांस सांगावयास नको.

आतां व्यवहार पाहा. जर्मनींत आल्ब्रेख्ट नांवाचा राजघराण्यांतला एक तरुण होता. १५१३ सालीं, तेविसाव्या वर्षीं, तो माग्देबुर्गचा आर्चबिशप झाला. नियमाप्रमाणें बिशपास तीस वर्षें पुरीं लागत. पुढच्याच वर्षीं त्याला माइन्झची गादीही मिळाली. ती जर्मनींतली सर्वांत मोठी. एका माणसानें अशा दोन गाद्या भोगणें हेंही नियमाविरुद्ध. नियमाला वाट करून द्यावयाची तर रोमला रक्कम भरावी लागे. ती त्याच्याजवळ नव्हती. म्हणून त्यानें आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या गडगंज सावकाराकडून कर्ज काढलें. तें फिटावें म्हणून पोपनें १५१५ सालीं त्याच्या मुलखांत दंडमाफीच्या चिठ्ठ्या विकण्याची मोकळीक दिली. ठराव असा कीं वसुलाचा अर्धा भाग सेंट पीटरच्या बांधकामाला जावा आणि अर्धा सावकाराच्या फेडीला. लोकांस सांगितलें तें फक्त पीटरच्या देवळाचें. दुसऱ्या अर्ध्याबद्दल चकार शब्द नाहीं! पैशाची पेटी गांवोगांव फिरे तेव्हां सावकाराचे गुमास्ते बरोबर असत. आतां तुम्हीच सांगा, देवाच्या पेटीवर सावकाराचा गुमास्ता बसलेला पाहिल्यावर दुसरा पुरावा कशाला पाहिजे?

विक्रीचा मुख्य मुखत्यार योहान टेट्झेल नांवाचा साधु होता. तो शहरांत येई तेव्हां घंटा वाजत, पोपचें फर्मान मिरवीत आणीत, आणि मग प्रवचन सुरू होई, असें त्या काळच्या लोकांनीं लिहून ठेविलें आहे. विक्रेत्यांसाठीं लेखी सूचना होत्या आणि त्यांत ऐपतीप्रमाणें दर बांधून दिले होते. राजे आणि बिशप यांनीं २५ सोन्याचे गुलडेन द्यावे. कारागीर आणि लहान व्यापारी यांनीं एक. त्याहून गरिबानें अर्धा. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यानें उपास आणि प्रार्थना केली तरी चालेल, हेंही त्यांत लिहिलें होतें, म्हणून मी तेंही सांगतों. परंतु वसुलीला निघालेला माणूस शेवटचें कलम आधीं वाचून दाखवीत नसतो. ज्याला सारा भरावा लागला आहे त्यास हें ठाऊक आहे.

हें सर्व पाहून विटेनबेर्गचा एक साधु आणि अध्यापक चिडला. त्याचें नांव मार्टिन ल्यूथर. त्याचा बाप शेतकरी घराण्यांतला, तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत कष्टानें वर आलेला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं ल्यूथरनें ९५ मुद्दे मांडले. त्यांतले कांहीं थेट या देवळाविषयींच आहेत. गरीब कळपाची कातडी सोलून हें देऊळ वर चढत आहे हें पोपला खरोखर कळलें, तर तें राख झालेलें त्याला पतकरेल, असा एकाचा आशय. दुसऱ्यांत सरळ प्रश्न आहे कीं पोप जर एवढा संपन्न आहे तर गरिबांच्या पैशाला हात न लावतां हें एक देऊळ तो स्वतःच्या खर्चानें कां बांधीत नाहीं. मूळ कागद लॅटिनमध्यें होता. पण त्याची भाषांतरें झालीं, छापखाने सुरू झाले होते, आणि कांहीं महिन्यांत तो जर्मनीभर गेला.

येथें बरेच लोक गोष्ट थांबवितात आणि ल्यूथरचा जयजयकार करून घरीं जातात. आपल्याला पुढें गेलें पाहिजे. पोपकडे हिशेब मागतां येतो हें कळल्यावर शेतकऱ्यांस वाटलें, मग जमीनदाराकडे कां मागूं नये? १५२४ आणि १५२५ सालीं दक्षिण व मध्य जर्मनींतले शेतकरी उठले. १५२५ च्या मार्चमध्यें मेमिंगेन गांवीं त्यांनीं बारा मागण्या तयार केल्या. त्या लिहिण्यांत सेबास्टियन लोट्झर हा पुढें होता. तो कोणी पंडित नव्हता. केसाळ कातड्यांचे कपडे करणारा कारागीर होता. पहिलीच मागणी अशी कीं गांवाचा धर्मगुरु गांवानें निवडावा, आणि तो नीट वागला नाहीं तर काढण्याचा हक्कही गांवाला असावा. दुसरी अशी कीं धान्याचा दहावा हिस्सा द्यावयास आम्ही तयार आहों, पण त्यांतून आमच्या धर्मगुरूचें पोट चालावें आणि उरेल तें गांवच्या गरिबांस मिळावें. वेठ, गुलामी, रानांतलें लाकूड, नदींतले मासे यांविषयींच्या मागण्या पुढें आहेत. पांचशें वर्षांपूर्वींचा हा कागद आहे, हें विसरूं नका.

या शेतकऱ्यांस ल्यूथरनें काय दिलें? आरंभीं त्यानें दोन्ही बाजूंस चार शब्द सुनावले. पुढें दंगे वाढले तेव्हां त्यानें राजेरजवाड्यांस लिहिलें कीं बंडखोरांस दयामाया न दाखवितां मारून काढा. राजांस एवढें सांगावयाचीही जरूर नव्हती. त्या एका उठावांत सत्तर हजारांपासून एक लाखापर्यंत शेतकरी मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ल्यूथरची योग्यता मी नाकारीत नाहीं. पण देवळाचा हिशेब मागणारा हा माणूस शेताच्या हिशेबाची वेळ आली तेव्हां पलीकडच्या बाजूस जाऊन उभा राहिला, हेंही त्याच्या खात्यावर मांडलें पाहिजे.

आणि देऊळ? तें रखडलें, पण थांबलें नाहीं. जर्मनीच्या मोठ्या भागांतून येणारा ओघ आटला, तरी स्पेनसारख्या देशांतून वसूल येतच राहिला. पैसे घेऊन दंडमाफी देण्याची चाल पोप पांचवा पायस यानें १५६७ सालीं बंद केली. पहिल्या तक्रारीपासून मोजलें तर पन्नास वर्षांनीं.

आतां राबणाऱ्यांकडे वळूं. सेंट पीटरचें नांव निघालें म्हणजे मायकेल अँजेलोचें नांव निघतें, आणि तें योग्य आहे. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं त्यानें हें काम अंगावर घेतलें आणि १५६४ त मरेपर्यंत पगार न घेतां केलें. पण घुमट त्याच्या डोळ्यांदेखत झाला नाहीं. तो १५८८ ते १५९० या काळांत जाकोमो देल्ला पोर्ता यानें पुरा केला. सुमारें आठशें माणसें कामावर होतीं, आणि पोपला घाई असल्यामुळें रात्रींही काम चालत असे. त्या आठशेंची नांवें कोणत्या शाळेंत पाठ करून घेतात?

देवळासमोर इजिप्तमधून आणलेला एका दगडाचा खांब उभा आहे. उंची ८३ फूट, वजन सुमारें ३३० टन. म्हणजे तीनशेंवर बैलगाड्यांचें ओझें एकाच शिळेंत. पूर्वीं तो देवळाच्या कडेला होता. १५८६ सालीं दोमेनिको फोंताना यानें तो उचलून आडवा केला, ओढत आणला आणि आज आहे तेथें उभा केला. पहिल्या उचलीला नऊशेंवर माणसें, ७५ घोडे आणि ४० मोठे रहाट लागले. ना वाफेचें यंत्र, ना वीज. दोर, लाकूड आणि खांदे. याविषयीं एक आख्यायिका आहे. खांब उभा करतांना कोणीं तोंड उघडल्यास मृत्युदंड, असा हुकूम होता. दोर ताणून ढिले पडूं लागले, सुटतात कीं काय अशी वेळ आली, तोंच गर्दींतला एक खलाशी ओरडला, "दोरांवर पाणी मारा!" पाणी मारतांच दोर आंखडले आणि खांब उभा राहिला. पोपनें त्याला शिक्षा न करतां बक्षीस दिलें म्हणतात. ही आख्यायिकाच आहे, तिला पक्का आधार नाहीं. पण तिच्यांतलें शास्त्र खरें आहे. पावसांत राहिलेली सुंभाची बाज कशी ताणून बसते तें पाहिलेल्या कोणाही बाईला तें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट लोहारांसाठीं. घुमटाचें ओझें नुसतें खालीं येत नाहीं, तें बाहेरही रेटतें. दीडशें वर्षांत घुमटाला उभ्या भेगा पडल्या. १७४२ सालीं पोपनें तीन गणित्यांस बोलाविलें, मग पादुआचे पोलेनी नांवाचे शास्त्रज्ञ आले. पुष्कळ आकडेमोड झाली. शेवटीं इलाज ठरला तो असा कीं घुमटाभोंवतीं पांच लोखंडी कडीं घालावीं. आणि बसविलेलें जुनें एक कडें तुटलेलें आढळलें तेव्हां सहावें घातलें. गाडीच्या चाकाला धाव कां चढवितात, तीच ही गोष्ट! फरक एवढाच कीं चाक सुमारें १३६ फूट रुंदीचें आणि तें शेंकडों फूट उंचीवर. गणित्यांनीं सिद्ध केलें; चढून बसविलें मात्र कारागिरांनीं.

या कारागिरांचा एक पुढारी होता निकोला झाबाल्या. जन्म १६६४, मृत्यु १७५०. लिहितां वाचतां येत नव्हतें. लहानपणापासून देवळाच्या कारखान्यांत राबून मुख्य मिस्त्री झाला. एवढ्या उंच छताखालीं परांची बांधावयाची, भिंतीला धक्का न लावतां, कमींत कमी लाकडांत, चालतें काम न थांबवितां; या विद्येंत त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. शेवटीं देवळाच्या कारभाऱ्यांस वाटलें कीं हा म्हातारा गेला तर विद्याही जाईल. म्हणून १७४३ सालीं त्याच्या परांच्या आणि यंत्रें यांचीं मोठमोठीं चित्रें काढवून एक ग्रंथ छापला. इटालियनमध्यें आणि शेजारीं लॅटिनमध्यें. अक्षरशत्रु सुताराच्या युक्त्या लॅटिनमध्यें लिहून घेण्याची पाळी विद्वानांवर आली! शहाणपण पोथींतच असतें असें म्हणणाऱ्यास हा ग्रंथ दाखवावा.

देवळाच्या कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या आजही जतन केलेल्या आहेत. त्यांत चुना वाहणारे, दगड फोडणारे, सुतार, लोहार यांच्या मजुरीच्या नोंदी सांपडतात. बायांचीही नांवें आहेत. नवरा मेल्यावर त्याचा धंदा पुढें चालवून देवळाला माल पुरविणाऱ्या विधवा. हीं नांवें दप्तरांत आहेत. बाहेर, देवळाच्या कपाळावर, मोठ्या अक्षरांत कोणाचें नांव आहे? पोप पांचवा पॉल याचें. तेथें त्याच्या बोर्घेझे घराण्याचें नांव आहे, तो रोमचा राहणारा हें आहे, साल १६१२ आहे. ज्याच्यासाठीं देऊळ, त्याला नुसतें 'प्रेषितांचा अधिपति' म्हटलें आहे. पीटर हें त्या कोळ्याचें नांव त्या ओळींत नाहीं.

सेंट पीटरची सावली फार लांबवर पडली. पश्चिम आफ्रिकेंत आयव्हरी कोस्ट हा देश आहे; कोको पिकविणारा, जगांत पहिल्या नंबरचा. तेथें यामुसुक्रो गांवीं सेंट पीटरच्या नमुन्यावर एक देऊळ बांधलें. बांधकाम १९८५ त सुरू होऊन १९८९ त संपलें. क्रूसासकट उंची ५१८ फूट, म्हणजे रोमपेक्षां जास्त. बाहेरचें सगळें आवार धरून मोजलें तर तें जगांत सर्वांत मोठें म्हणतात. आंतल्या जागेच्या मानानें रोमचेंच मोठें. संगमरवर इटलींतून आणला, रंगीत कांच फ्रान्सांतून. तें बांधणारे अध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी स्वतः कोकोचे बागाईतदार. यामुसुक्रो हें त्यांचें जन्मगांव. आणि लक्षांत घ्या, हा माणूस शेतकऱ्यांचाच पुढारी म्हणून वर आला होता. १९४४ सालीं त्यानें आफ्रिकन शेतकऱ्यांचा संघ काढला. फ्रेंच वसाहतींतली वेठ बंद करणारा १९४६ चा कायदा त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

पण देवळाचा घुमट वर चढत होता त्याच वर्षांत कोकोचा भाव कोसळत होता. १९८७ सालीं सरकारला परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. १९८९ सालीं शेतकऱ्याला मिळणारा सरकारी भाव किलोला ४०० फ्रँकवरून २०० वर आला, बरोबर निम्मा. देवळाचा पैसा माझा स्वतःचा आहे, असें अध्यक्षांनीं सांगितलें. हिशेब मात्र लोकांपुढें ठेविला नाहीं. वेठ बंद करणाऱ्या माणसाला शेतकऱ्यांनीं हा प्रश्न विचारावा लागावा, याचें मला फार वाईट वाटतें. एका रंगीत कांचेंत येशूच्या पायांशीं त्यांचें स्वतःचेंही चित्र आहे. १९९० च्या सप्टेंबरांत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं देऊळ पवित्र केलें, पण शेजारीं दवाखाना बांधला पाहिजे असें त्यांनीं आधीं कबूल करून घेतलें होतें. दवाखान्याचा पायाचा दगड त्याच वेळीं बसला. देवळाला चार वर्षें लागलीं. दवाखाना सुरू व्हावयास सुमारें चोवीस.

तर मग मोठें देऊळ म्हटलें म्हणजे असेंच व्हावयाचें काय? एक निराळें उदाहरण सांगतों. तें जर्मनींत डॅन्यूब नदीकांठच्या उल्म शहरांतलें. हें शहर कोष्ट्यांचें. ताण्याला जवसाच्या धाग्याचें सूत आणि बाण्याला कापूस घालून जाड कापड विणीत. कापूस व्हेनिसच्या बाजारांतून येई. आणि उल्मचें तें कापड दूरदूर खपे. शहराचें देऊळ तटाबाहेर होतें. १३७६ सालीं बादशहानें वेढा दिला तेव्हां लोकांस देवळांत जातां येईना. म्हणून तटाच्या आंत नवें देऊळ बांधण्याचें ठरलें. ठरविलें तें शहरच्या लोकांनीं. राजानें नाहीं, बिशपनेंही नाहीं. ३० जून १३७७ रोजीं नगराध्यक्ष लुट्झ क्राफ्ट यानें पहिला दगड बसविला आणि त्यावर आपल्या पिशवींतल्या मोहरा ओतल्या, मग इतरांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें टाकलें, असें जुन्या बखरकारानें लिहिलें आहे. शहराची वस्ती दहा हजारही नव्हती, आणि देऊळ एवढें आंखलें कीं वीस हजार माणसें उभीं राहतील! मोठेपणाची हौस गरिबालाही असते, ती कांहीं पोपांनाच नाहीं. पण हौस ज्यांची, खर्चही त्यांचाच. वीस वर्षांनीं, १३९७ त, विणकर, लोहार, चांभार यांच्या पंचायतींस शहराच्या कारभारांत बहुमत मिळालें. पैसा देणारा आणि पैसा कसा लावावा हें ठरविणारा यांत फार अंतर राहिलें नाहीं.

सगळें गोड होतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. १४९० नंतर मनोरा कलूं लागला, भर प्रार्थनेच्या वेळीं वरून दगड पडले, आणि मुख्य वास्तुकाराला शहर सोडून पळावें लागलें. मघाशीं सांगितलेला शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हां तो मोडणाऱ्या संघाची कचेरी याच उल्ममध्यें होती. मेमिंगेन तेथून फार दूर नाहीं. शहरच्या कारागिरानें खेड्याच्या शेतकऱ्याला त्या वेळीं साथ दिली नाहीं, ही उल्मच्या इतिहासांतली काळी बाजू आहे. पुढें १५३० त शहरानें पंचायतवार मतें घेतलीं आणि मोठ्या बहुमतानें नवा पंथ धरला. धर्म कोणता पाळावा याचीही मतें मोजलीं! त्यानंतर पैसा आटला, आणि १५४३ सालीं काम थांबलें तें तीनशें वर्षें थांबलें. अर्धवट मनोऱ्याची लाज धरून कोणावर जबरीची पट्टी बसविली नाहीं. १८४४ त काम पुन्हां सुरू झालें आणि ३१ मे १८९० रोजीं शिखर पुरें झालें. उंची ५३० फूट. ख्रिस्ती जगांतलें सर्वांत उंच देऊळ म्हणून त्याचा मान १३५ वर्षें टिकला. २०२५ च्या ऑक्टोबरांत बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया देवळाचा मनोरा त्याच्या पुढें गेला. तें देऊळही १८८२ पासून लोकांच्या दानावर आणि आतां पाहावयास येणारांच्या तिकिटांवर चाललें आहे.

उल्मचे लोक स्वतःचीच एक गंमत सांगतात. बांधकामाला एक लांब तुळई आणली. ती गाडीवर आडवी ठेविलेली, म्हणून वेशींतून आंत जाईना. आतां वेस पाडावी असें शहाण्यांनीं ठरविलें. इतक्यांत एक चिमणी काडी घेऊन घरट्यांत शिरतांना दिसली. तिनें काडी लांबीच्या बाजूनें आंत घातली. तेव्हां यांच्या डोक्यांत उजेड पडला! देवळाच्या छपरावर त्या चिमणीची धातूची मूर्ति आहे. एवढ्या मोठ्या देवळावर आपल्याच मूर्खपणाची मूर्ति बसविणारे लोक मला आवडतात.

देवळाच्या पायथ्याशीं पाथरवटांचा कारखाना आजही चालू आहे. पाऊस आणि थंडी यांनीं झिजलेला दगड काढावयाचा, तसाच नवा घडवून बसवावयाचा, हें काम कधीं संपत नाहीं. एका बाजूची परांची उतरते तों दुसऱ्या बाजूला चढते. जुन्या पाथरवटांची एक रीत होती. प्रत्येकाची स्वतःची एक खूण असे. दोन रेघा, एखादा कोन, एखादी फुली. दगड घडवून झाला कीं तो त्यावर आपली खूण कोरी. लिहितां येण्याची जरूर नव्हती. कोणाचा दगड कोणता, तें त्या खुणेवरून ओळखतां येई.